कंदुरीला जेवलेली बाई

माझ्या आईनं कंदुरीचं खाल्लं. पहिल्याच ओळीत लिहून टाकते, म्हणजे पुढं कोणाला ते उकरून काढायचे कष्ट नकोत. पोटभर खाल्लं, दोनदा रस्सा मागून घेतला, आणि त्याबद्दल तिनं आजपर्यंत कोणाची माफी मागितलेली नाही. तिच्या वतीनं मीही मागणार नाही. त्या दिवसाची एक माफी माझ्याकडं निघत होती, पण ती माझ्याकडं कोणी मागितलीच नाही. माझा सगळा राग तिथूनच सुरू होतो.

लातूरहून नांदेडकडं निघालं की अहमदपूरच्या पुढं, रस्त्यापासून जरा आत आमचं गाव आहे. गावाच्या खालच्या अंगाला आमची वस्ती. आम्ही मूळचे मांग. आज्याच्या बापानं निजामाच्या काळात बाप्तिस्मा घेतला, तेव्हापासून ख्रिस्ती. वस्तीत आमच्यासारखी नऊ घरं आहेत, आणि चर्च तालुक्याला.

बाहेरच्या माणसाला कंदुरी समजावून सांगावी लागते. आमच्या मुलखात हिंदू घरंही दर्ग्याला नवस बोलतात. नवस पुरा झाला की बोकड न्यायचं, मुलाण्यानं ते कापायचं, दर्ग्यात निवद ठेवायचा, मुजावरानं, म्हणजे दर्ग्याच्या सेवेकऱ्यानं, फातेहा वाचायचा आणि मग सगळ्यांनी पंगतीला बसायचं. ती कंदुरी. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तिची मनाई आहे. जत्रेचा प्रसाद नाही, गुलाल नाही, कंदुरी नाही.

ह्या मनाईचा मला लहानपणी लई अभिमान होता, आणि तिच्यामागंही अभिमानच होता. आजा सांगायचा, की बाप्तिस्म्याआधी जत्रेत आमच्या माणसांनी हलगी वाजवायची आणि पंगत उठल्यावर पत्रावळ्यांतलं उरलंसुरलं गोळा करून घरी आणायचं. आज्याच्या बापानं ते बंद केलं. त्यांच्या देवाचं उरलेलं माझ्या लेकरांच्या तोंडात जाणार नाही, एवढंच त्याचं धर्मशास्त्र. लेकरांवर जीव होता म्हणून नियम झाला. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं वाचून कोणी म्हणेल, ही पोरगी शिकली आणि नियमाच्या मुळावर उठली. नियम वाईट नव्हता. तो कोणासाठी केला, हे मात्र पुढच्यांना आठवेनासं झालं.

मी घरातली पहिली बी.ए. नांदेडला हॉस्टेलवर राहून झाले, आणि अहमदपूरच्या एका शाळेच्या ऑफिसात लागले. अक्षर चांगलं, मराठी शुद्ध, म्हणून मंडळीनं मला कमिटीची चिटणीस केलं. कमिटीत पाच पुरुष आणि मी. ते बोलायचे, मी लिहायची. रविवारी लेकरांना दहा आज्ञा पाठ करून घ्यायचं कामही माझ्याकडंच.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी मला डेंग्यू झाला. नांदेडच्या दवाखान्यात होते, रोज रक्त तपासायचे आणि रोज प्लेटलेट खाली. मंडळीनं तीन दिवसांचा उपास धरला. आणि इकडं गावात, ज्यांच्या शेतात आई तीस वर्षं खुरपायला जाते त्या घरच्या मालकीणबाईनं कोणाला न विचारता दर्ग्याला नवस बोलला. आई त्यांना मालकीण म्हणते, मी काकू म्हणते. त्याच घरात आईचा चहाचा कप वेगळा आहे, गोठ्याच्या कोनाड्यात ठेवलेला. प्यायचं पाणी वरून ओंजळीत. आणि त्याच घरात माझ्या नावानं बोकड बोललेलं. ह्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

मी बरी झाले तेव्हा श्रेयावरून भांडण लागलं. कमिटीतले सगळ्यात ज्येष्ठ, निवृत्त मास्तर, म्हणाले की उपासानं पोरगी वाचली. काकू म्हणाल्या, दर्ग्यातल्या बाबानं ऐकलं. डॉक्टरचं नाव कोणीच घेईना.

बोकड मोठं व्हायला दीड वर्ष गेलं. मग एका दुपारी काकू आमच्या वस्तीवर आल्या. इतक्या वर्षांत त्या आमच्या दारात पहिल्यांदा उभ्या होत्या. आई गडबडली, चटई टाकू लागली. काकू बसल्या नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाल्या, “नवस हिच्या नावचा हाय. पहिला घास हिचा. हिनं घास घेतल्याबिगर पंगत सुरू व्हत न्हाई. आन तू बी यायचं, माय. कामाला न्हाई. बसायला.”

“येताव, मालकीण,” आई म्हणाली.

त्या गेल्यावर मी आईला धरलं. आपल्याला चालत नाही, मी चिटणीस आहे, मी लेकरांना शिकवते. आपण जाऊ, भेटू, कामात हात लावू, पण ताटावर बसायचं नाही. आईनं मला पूर्ण बोलू दिलं आणि म्हणाली, तीस वर्षांनी बस म्हणलेत, आन मी हुबी राहू?

माझ्याकडं मात्र एक युक्ती होती.

दर्ग्यापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये पंगत बसली. काकूंनी आईला आपल्या सुनेच्या शेजारी बसवलं. गावातली दोन-तीन माणसं तोंड वाकडं करून दुसऱ्या ओळीला सरकली. काकूंनी ते बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. माझ्यापुढं पत्रावळ आली. भाकर, रस्सा, वर लिंबाची फोड. सगळी पंगत हात मांडीवर ठेवून माझ्याकडं बघत होती. मी म्हणाले, “काकू, माझं पोट बिघडलंय. सकाळपासून काहीच जात नाही.”

पहिला घास चुकला म्हणजे नवस पोचला नाही, असं मानतात. पण काकूंच्या तोंडावर मला नवसाची काळजी दिसली नाही. त्या सुनेला म्हणाल्या, ओवा आण गं हिला, कोमट पाणी आण. आणि माझ्या कपाळाला हात लावून बघितला. दीड वर्षापूर्वीचा ताप त्यांच्या डोक्यात असणार. धडधाकट पोटावर मी ओवा चावला. इतका कडू ओवा मी कधी खाल्लेला नाही.

तेवढ्यात आईनं माझी पत्रावळ आपल्याकडं ओढली. मुजावराला म्हणाली, “बाबा, हिला मी नऊ म्हयने पोटात ठिवलं. हिचा घास माझ्या पोटात गेला तर पोचंल का न्हाई?”

मुजावर म्हातारा माणूस. त्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला, “पोचंल, माय. आईचं न्हाई पोचलं तर कुणाचं पोचंल? चला, बिस्मिल्ला.” आईनं भाकर कुस्करली, घास घेतला आणि पंगत सुरू झाली.

घरी येताना तिनं एवढंच विचारलं, “पोट कवापासनं दुखलालंय तुझं?”

“दुखत नाही.”

“म्हाइत हाय,” ती म्हणाली, आणि पुढं चालू लागली.

गोष्ट तिथंच राहिली असती. पण काकूंच्या पुतण्यानं पंगतीचा फोटो व्हॉट्सॲपच्या स्टेटसला टाकला. मधोमध आई, घास तोंडाजवळ, हसरी. तो फोटो दोन दिवसांत मास्तरांच्या फोनवर गेला आणि तिथून चर्चच्या पाळकसाहेबांच्या. साहेब स्कुटीवरून घरी आले. आमच्या रीतीनं सलाम झाला, चहा झाला, प्रार्थना झाली. मग त्यांनी आईला विचारलं की हे खरं का. आई म्हणाली, खरं, लई चांगलं झालतं. साहेबांनी शास्त्रातली वचनं काढून दाखवली. आईला वाचता येत नाही, तरी तिनं पान नीट बघितलं. साहेबांचं म्हणणं थोडक्यात असं, की येत्या रविवारी मंडळीपुढं उभं राहून “चुकले” म्हणायचं, नाहीतर प्रभुभोजनाला यायचं नाही.

आमच्याकडं प्रभुभोजन म्हणजे महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकरीचा एक तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट. बाहेरच्या माणसाला त्यात काय आहे ते कळणार नाही. माझ्या आईला आयुष्यात जिथं कोणी ‘तू मागं थांब’ म्हणालं नाही, अशी ती एकच जागा. वेदीपुढच्या कठड्यापाशी ती मास्तरांच्या बायकोच्या शेजारी गुडघे टेकते. तीच जागा आता जात होती.

जाताना साहेब माझ्याकडं वळले आणि म्हणाले की तुम्ही मात्र मोहात पडला नाहीत, ह्याचा मंडळीला आनंद आहे. मी मान खाली घातली. त्यांना ती नम्रता वाटली असणार.

साहेब गेल्यावर मी आईला मार्ग सुचवला. नुसती बसले होते म्हण, घास तोंडाला लावून खाली ठेवला म्हण. फोटोत गिळलेलं कुठं दिसतंय? आई भांडी घासत होती. वर न बघता म्हणाली, “तुझं पयलं खोटं अजून मला पचलं न्हाई, आन दुसरं वाढलालीस?”

त्या रविवारी आई “चुकले” म्हणायला उभी राहिली नाही, म्हणून उपासनेनंतर कमिटी बसली. आईला बोलावलं होतं. ती दाराजवळच्या खुर्चीवर बसली, मी टेबलापाशी, माझ्यापुढं सभेचं रजिस्टर. मास्तरांनी विषय मांडला. मास्तर वाईट माणूस नाही, आणि त्यांचा मुद्दाही हलका नव्हता. ते म्हणाले, ज्यांनी तुला वरून पाणी वाढलं, त्यांच्या नवसाचं खातेस? त्यांचा कप उद्या बदलणार आहे का? आई म्हणाली, न्हाई बदलणार. मग कशाला खाल्लंस? आई म्हणाली, कपावर त्यांचं मन लहान हाय, माझ्या लेकरावर मोठं झालं. मोठं झालं तवा मी लहान व्हायचं का?

मग पाळकसाहेब बोलले. त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, बाई, तुमची भावना कळते. पण प्रीती, प्रीती म्हणून माणूस काहीही करतो आणि वर प्रीतीचंच नाव देतो. आज कंदुरी, उद्या गुलाल. नियम नसला तर कुठली प्रीती खरी आणि कुठली खोटी, हे ओळखायचं कसं?

मला ह्या प्रश्नाची भीती वाटली होती, कारण तो खरा प्रश्न आहे. आईनं पदर सारखा केला. मग म्हणाली, “साहेब, मला तुमच्यासारखं सांगता येत न्हाई. पर मी बघते, ह्यात माझं काय गेलं. काईच गेलं न्हाई तर ती प्रीती न्हाई, ती सोय. मी घास घेतला तवा मला ठावं होतं, ही जागा जाणार. तरी घेतला. आता तुमीच वळखा.”

बाहेर कोणीतरी खुर्च्या एकावर एक रचत होतं. आई माझ्याकडं बघतही नव्हती, तरी मला वाटलं की तिनं माझी चामडी सोलली. माझं काय गेलं होतं? काही नाही. मला आज्ञा मोडायची नव्हती म्हणून मी खोटं न बोलण्याची दुसरी आज्ञा मोडली, आणि ती इतकी सोयीची होती की पाळकानं शाबासकी दिली.

शेवटी हात वर झाले, पाचच्या पाच. मास्तर मला म्हणाले, लिहा बाई, ठराव लिहा. माझ्याच आईच्या विरोधातला ठराव माझ्याच अक्षरात लिहायचा, आणि त्यांना त्यात काही वावगं दिसत नव्हतं. चिटणीसाचं ते कामच. मी लिहिला. वाचून दाखवायची रीत आहे, म्हणून उभी राहून मोठ्यानं वाचला:

“ठराव. सदर बाईंनी दर्ग्याच्या कंदुरीचे अन्न खाल्ले व विचारले असता खरे सांगितले, सबब त्यांना प्रभुभोजनापासून दूर ठेवावे. त्याच पंगतीत कमिटीच्या चिटणीसांनी अन्न खाल्ले नाही व पोट बिघडल्याचे खोटे सांगितले, सबब त्यांनी हा ठराव लिहावा.”

साहेब म्हणाले, हे काय आहे? मी म्हणाले, झालं ते आहे. साहेब म्हणाले, दुसरं वाक्य काढा. मी म्हणाले, काढते, पण मग पहिलंही काढावं लागेल, दोन्ही एकाच पंगतीतली आहेत. मास्तर म्हणाले, पान फाडा. मी त्यांना पानाचा कोपरा दाखवला. पानांवर छापील नंबर आहेत, पान फाडायचं नाही असं मास्तरांनीच मागं ठरवून दिलं होतं. मी पेन साहेबांपुढं धरला. त्यांनी घेतला नाही. पाचांपैकी कोणीच दस्तखत केलं नाही. त्या वाक्याखाली सही करायची म्हणजे खोटं बोलणारी चालते आणि खरं बोलणारी चालत नाही, असं लिहून द्यायचं. ते कोणाला झेपेना. आई उठली, सलाम म्हणाली आणि बाहेर जाऊन चपला घालू लागली.

दुसऱ्या दिवशी मी काकूंकडं गेले. त्या अंगणात तूर पाखडत होत्या. मी सांगितलं की त्या दिवशी माझं पोट चांगलं होतं. त्यांचं सूप थांबलं. “मग आमचं खायाची लाज वाटली व्हय तुला?” त्यांनी विचारलं. असा प्रश्न त्या घरातून आमच्या घराला कोणी कधी विचारला नसेल. मी म्हणाले, “लाज नाही, काकू. भ्याले.” त्यांनी सूप खाली ठेवलं. मग सुनेला चहा टाकायला सांगितला. सून गोठ्याकडं वळली, कोनाड्यातला कप घ्यायला. मी म्हणाले, “काकू, मला घरातला द्या.” त्यांनी माझ्याकडं बघितलं, सुनेकडं बघितलं, आणि स्वतः उठून आत गेल्या. मला घरातल्या कपात चहा मिळाला. आईचा कप अजून गोठ्यातच आहे. त्यावरून माझं आणि काकूंचं चालू आहे, आणि मी सोडणार नाही. एका पंगतीनं जात गेली असं लिहायला मी काही येडी नाही.

ठरावावर सही नसली तरी आईला प्रभुभोजनापासून तोडलंच होतं. हे काकूंना कळू द्यायचं नाही, अशी आईची ताकीद होती. काकूंनी एकदा विचारलं, की तू अशी सुकल्यासारखी का. आई म्हणाली, आमच्या घरातली गोष्ट हाय, मालकीण. खोटं बोलली नाही, आणि सांगितलंही नाही.

पहिला रविवार आला. मला वाटलं आई मागं बसून राहील. ती उठली, सगळ्यांबरोबर कठड्यापाशी गेली, गुडघे टेकले आणि तळहात पुढं केला. पाळकसाहेब तुकडे देत देत आले, तिच्यापुढं क्षणभर थांबले आणि पुढच्या बाईला तुकडा दिला. आईनं रिकामा हात मिटला, आमेन म्हणाली, उठली. मीही घेतलं नाही, जागेवरून हललेच नाही. बाहेर आल्यावर आई माझ्यावरच भडकली. तुला कोणी नाही म्हणलंय? रुसून बसायला ते काय लग्नाचं जेवण हाय?

दुसऱ्या महिन्यात तेच. तिचा हात पुढं, साहेब पुढं. पण ह्या वेळी ते जास्त वेळ थांबले, आणि मास्तरांच्या बायकोनं मान वर करून बघितलं. माणसाला टाळायचं असेल तर त्यानं मागं बसून सोय करून द्यावी लागते. आई ती सोय करून देत नव्हती.

तिसऱ्या महिन्यात साहेब तिच्यापुढं आले आणि तिच्या हातावर तुकडा ठेवला. इतरांना जे शब्द म्हणतात तेच म्हणाले. आईनं खाल्लं.

उपासना संपल्यावर मी आतल्या खोलीत त्यांच्याकडं गेले. का दिलं म्हणून विचारलं. साहेब झग्याची घडी घालत होते. म्हणाले, “त्या ठरावावर सही नाही. सही नसताना अडवणं नियमात बसत नाही.”

मला इतका राग आला की बस. दोन महिने अडवताना सही लागली नाही, आणि द्यायची वेळ आली तेव्हा सहीचा नियम. वाटेत आईला सगळं सांगितलं. मी म्हणाले, त्यांनी तुझ्यासाठी दिलं नाही, कागदासाठी दिलं. आई हसली. “त्येला द्यायचंच होतं, बाई. नुसतं द्यायला भ्यालं लेकरू, म्हणून नियम पुढं केला. तू न्हाई का ओवा खाल्लास?”

साहेबांना ती लेकरू म्हणाली, हे मला आवडलं नाही. मी तिच्याइतकी मोठ्या मनाची नाही, आणि व्हायची घाईही नाही. साहेबांनी तुकडा दिला म्हणून मी गप्प बसावं, आणि हळूहळू सगळ्यांनी असं म्हणावं की बाई सुधारली, मंडळीनं माफ केलं, विषय मिटला, हे मला चालणार नव्हतं. कारण ते खरं नव्हतं.

पुढच्या सभेला पहिला विषय नेहमीचा, मागचं इतिवृत्त वाचून कायम करणे. मी उभी राहिले आणि त्याखाली मी जोडलेली एक नोंद माझ्या शुद्ध मराठीत वाचली, की चालू महिन्याच्या पहिल्या रविवारी सदर बाईंना प्रभुभोजन देण्यात आले. बाईंनी पश्चात्ताप केलेला नाही.

मी वर बघितलं आणि विचारलं, कोणाची हरकत? मास्तरांनी चष्मा काढून पुसला. साहेब म्हणाले, पुढचा विषय घ्या. पुढचा विषय गळणाऱ्या पत्र्याचा होता. तो घेण्याआधी मी खाली लिहिलं, इतिवृत्त कायम, आणि रजिस्टर साहेबांकडं सरकवलं. ह्या वेळी त्यांनी सही केली.